मनगटातून हृदयाकडे : क्वचित उद्भवणारे धोके आणि घरच्यांची जबाबदारी

आज आपल्या नात्यागोत्यात किंवा शेजारीपाजारी अँजिओग्राफी झालेला एकही माणूस नाही, असे घर शोधूनच काढावे लागेल. छातीत दुखू लागले, ई.सी.जी.मध्ये फरक दिसला की डॉक्टर अँजिओग्राफी सुचवतात. हल्ली ती पुष्कळ ठिकाणी जांघेतून न करता मनगटातून करतात. रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मनगटाला पट्टी बांधून स्वतःच्या पायांनी घरी येतो. भेटायला येणारी मंडळी पट्टी पाहून म्हणतात, "एवढंसंच छिद्र? मग काळजीचं कारण नाही." बहुतेक रुग्णांच्या बाबतीत हे म्हणणे अगदी खरे ठरते.

परंतु फार थोड्या रुग्णांमध्ये या एवढ्याशा छिद्रातूनही गंभीर प्रसंग उद्भवतो. हात फुगतो, बधिर होतो, गाठ येऊन धडधडू लागते. असे प्रसंग क्वचित येतात, म्हणूनच ते ओळखता येत नाहीत. "मुका मार असेल, उतरेल सूज" असे म्हणून रात्र काढली जाते, आणि त्या रात्रीतच हाताचे कायमचे नुकसान होऊ शकते. ज्यांचे पोट हातावर आहे अशा माणसाचे हृदय वाचले आणि हात गेला, तर घराचा गाडा कसा चालायचा? म्हणून या विषयाची ओळख सोप्या भाषेत करून द्यावी, असे आम्हांस वाटले. कोणालाही घाबरवण्याचा यात हेतू नाही. उलट मनगटाची वाट सुरक्षित आहे हे आम्ही आधी सांगणार आहोत, आणि मगच तिच्यावरील खाचखळगे दाखवणार आहोत.

मनगटाची वाट कशी सापडली?

हृदयात नळी घालण्याची कल्पना शंभर वर्षांपूर्वी वेडेपणाची वाटत होती. १९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्डे या गावच्या रुग्णालयात वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच कोपराजवळच्या नीलेतून नळी आत सरकवली आणि ती हृदयापर्यंत पोहोचल्याचे क्ष-किरण चित्रात दाखवून दिले. याच कामासाठी १९५६ साली त्यांना कूर्नां आणि रिचर्ड्स या दोन शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळाले. १९५८ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे मेसन सोन्स यांनी हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांचे चित्र घेण्याची पद्धत सुरू केली. त्यासाठी ते कोपराजवळ छेद घेत असत. पुढे जांघेतील मोठ्या धमनीतून सुईने प्रवेश करण्याची रीत रूढ झाली. १९७७ साली झ्युरिक येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी फुग्याने हृदयाची धमनी रुंद करून दाखवली, म्हणजेच पहिली अँजिओप्लास्टी केली.

मनगटाकडे लक्ष गेले ते त्यानंतर. कॅनडातील माँट्रियल येथील लुसियां कांपो यांनी मनगटातून केलेल्या शंभर रुग्णांच्या अँजिओग्राफीचा अनुभव १९८९ साली प्रसिद्ध केला. १९९२ साली अ‍ॅमस्टरडॅम येथे फर्डिनांड कीमेनी यांनी याच वाटेने अँजिओप्लास्टी केली. तेव्हापासून नळ्या जसजशा बारीक होत गेल्या, तसतशी ही वाट रुंद होत गेली, असे म्हटले तरी चालेल.

मनगटच का?

आपले वैद्य ज्या ठिकाणी बोटे ठेवून नाडी पाहतात, तीच ही रेडियल धमनी. अंगठ्याच्या बाजूला, त्वचेच्या अगदी खाली आणि हाडाच्या वर ती असते. म्हणून ती सहज सापडते आणि काम झाल्यावर हाडावर दाबून धरली की रक्त थांबते. जांघेतील धमनी मोठी असली तरी खोल असते. तिथे रक्तस्राव झाला तर तो पोटाच्या मागील पोकळीत साचतो, बाहेरून दिसत नाही आणि जिवावर बेतू शकतो. शिवाय जांघेतून काम झालेल्या रुग्णाला कित्येक तास पाय न हलवता पडून राहावे लागते.

मनगटाचा दुसरा मोठा गुण असा की, हाताच्या पंजाला दोन धमन्या रक्त पुरवतात. अंगठ्याच्या बाजूची रेडियल आणि करंगळीच्या बाजूची अल्नर. तळहातात या दोघींच्या शाखा कमानीसारख्या एकमेकींना मिळतात. गावाला दोन विहिरी असाव्यात आणि एक आटली तरी दुसरीवर गावाने तहान भागवावी, तशी ही निसर्गाची सोय आहे.

२०११ साली 'रायव्हल' या नावाने प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ३२ देशांतील ७०२१ रुग्ण होते. मृत्यू, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि मोठा रक्तस्राव यांचा एकत्र विचार केला असता दोन्ही वाटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. परंतु नळी घातलेल्या जागी होणारी मोठी इजा जांघेच्या गटात शंभरात ३.७ आणि मनगटाच्या गटात १.४ एवढीच होती. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'मॅट्रिक्स' या ८४०४ रुग्णांच्या पाहणीत तर मनगटाच्या गटात रक्तस्राव आणि मृत्यू दोन्ही कमी आढळले. तेव्हा डॉक्टरांनी मनगट निवडले तर मनात किंतु ठेवण्याचे कारण नाही.

धमनी केवढी आणि नळी केवढी?

विद्यार्थी मित्रांना येथे एक छोटे गणित मांडून दाखवतो. या नळ्यांची जाडी 'फ्रेंच' या मापात मोजतात. पॅरिसचे उपकरण-निर्माते शारियेर यांच्यापासून ते आले. एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. म्हणजे सहा फ्रेंचची नळी दोन मिलिमीटर जाडीची झाली. ती नळी आत-बाहेर नीट सरकावी म्हणून धमनीत आधी एक बाह्य नळी बसवतात. तिला 'शीथ' म्हणतात, आणि तिची बाहेरची जाडी साधारण अडीच मिलिमीटर भरते. आता मनगटातील धमनीचा आतला व्यास पुष्कळ माणसांत दोन ते तीन मिलिमीटर असतो. लहान चणीच्या स्त्रियांत तो याहूनही कमी असू शकतो. म्हणजे कित्येकदा म्यानापेक्षा तलवार जाड, अशी स्थिती होते. पुढे सांगितलेल्या बहुतेक तक्रारींचे मूळ या गणितात आहे.

नेहमी आढळणारी, पण मुकी तक्रार

सर्वांत अधिक आढळणारी तक्रार म्हणजे मनगटातील धमनी रक्ताच्या गुठळीने बंद होणे. ही दुर्मिळ नाही. निरनिराळ्या पाहण्यांत शंभरात पाच ते आठ रुग्णांत ती आढळली आहे. पण दुसरी विहीर भरलेली असल्यामुळे बहुतेकांना काहीच जाणवत नाही. कोणी नाडी पाहिली आणि ती लागली नाही, म्हणजेच ती कळते. काहींना मनगट दुखते किंवा मूठ आवळताना हात लवकर थकतो. पंजाला रक्त अजिबात न मिळणे आणि बोटे काळी पडणे हे मात्र अतिशय क्वचित घडते.

मग या मुक्या तक्रारीची दखल का घ्यायची? कारण तीच धमनी पुढे उपयोगी पडणारी असते. पुन्हा अँजिओग्राफी करण्याची वेळ आली तर ती वाट बंद झालेली असते. बायपास शस्त्रक्रियेत काही वेळा हीच धमनी काढून हृदयावर जोडतात. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांत डायलिसिससाठी फिस्चुला याच भागात तयार करतात. म्हणून मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी नळी कुठून घालणार हे आधी डॉक्टरांशी अवश्य बोलून घ्यावे.

ही तक्रार टाळण्याचे उपाय साधे आहेत. शक्य तेवढी बारीक नळी वापरणे, रक्त गोठू न देणारे हेपॅरिन पुरेशा मात्रेत देणे आणि पट्टा प्रमाणात आवळणे. पूर्वी समज असा होता की, पट्टा जितका घट्ट तितका चांगला. अमेरिकेत डॉ. समीर पंचोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४३६ रुग्णांवर केलेली पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. पट्टा अशा बेताने आवळायचा की रक्त बाहेर येणार नाही, पण धमनीतून आतला प्रवाह चालू राहील, असे त्यांनी सुचवले. त्यामुळे चोवीस तासांनंतर धमनी बंद आढळण्याचे प्रमाण शंभरात बारावरून पाचावर आले. रुग्णालयात परिचारिका वारंवार येऊन पट्ट्यातील हवा थोडीथोडी सोडते ती याचसाठी. "रक्त येईल, राहू द्या घट्ट" असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये.

धमनी आवळून बसणे

मनगटातील धमनीच्या भिंतीत स्नायूंचा थर जाड असतो. परकी वस्तू आत शिरली की ती भीतीने, वेदनेने किंवा घासण्याने आकसते. रुग्णाला कोपरापर्यंत कळ जाणवते आणि नळी पुढे-मागे सरकेनाशी होते. त्यासाठी धमनी सैल करणारी औषधे आधीच देतात आणि रुग्णाला शांत ठेवतात. अशा वेळी जोर लावून नळी ओढणे धोक्याचे. धमनीचे आतील अस्तर नळीबरोबर उलटून बाहेर आल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली आहेत. ती अगदी विरळा होत. दुखत असेल तर रुग्णाने सोसत न राहता तत्काळ सांगावे, एवढा बोध यातून घ्यावा. टेबलावर निजलेला माणूस संकोचाने गप्प राहतो. पण त्या वेळी त्याची तक्रार हीच डॉक्टरांना मिळणारी पहिली सूचना असते.

हाताच्या आत रक्तस्राव

नळीच्या पुढे एक बारीक तार जाते. हातातील धमनी काहींमध्ये नागमोडी असते, काहींत तिला वेढा पडलेला असतो, तर काहींत बारीक फाटे असतात. तार चुकून अशा फाट्यात शिरली तर धमनीला छिद्र पडते. हे छिद्र मनगटावर नसते, तर वर कोपराकडे कुठेतरी असते. म्हणून मनगटावरची पट्टी कोरडी ठणठणीत असते आणि आत मात्र रक्त साचत राहते. घरच्यांनी लक्षात ठेवण्याजोगी ही पहिली गोष्ट. पट्टी कोरडी आहे, एवढ्यावरून सर्व काही ठीक आहे असे समजू नये.

विशेष म्हणजे, असे छिद्र वेळीच लक्षात आले तर काम अर्धवट सोडावे लागतेच असे नाही. जपून पुढे घातलेली नळीच कित्येकदा आतून छिद्र दाबून धरते आणि काम संपेपर्यंत ते मिटते. अशा अवघड वळणांतून नळीच्या टोकाशी छोटा फुगा ठेवून ती अलगद पुढे नेण्याची युक्ती अहमदाबादचे डॉ. तेजस पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली आहे, याचा आपणांस अभिमान वाटावा.

रक्त किती पसरले हे ठरवण्यासाठी क्वेबेक येथील डॉक्टरांनी पाच पायऱ्या सांगितल्या आहेत. मनगटाजवळ पाच सेंटिमीटरपर्यंतची सूज ही पहिली पायरी. दहा सेंटिमीटरपर्यंतची दुसरी. त्यापुढे पण कोपराखाली राहिलेली तिसरी. कोपर ओलांडून दंडावर गेलेली चौथी. आणि सूज कुठेही असो, हाताचा रक्तपुरवठा धोक्यात आला तर ती पाचवी. पहिल्या दोन पायऱ्यांत बहुधा दाब, बर्फ आणि विश्रांती पुरते. तिसरीपासून पुढे रक्तदाब मोजण्याचा पट्टा हाताला गुंडाळून ठराविक दाब देणे, रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा फेरविचार करणे असे उपाय डॉक्टर करतात. पाचवी पायरी म्हणजे सरळ शस्त्रक्रियेची घंटा.

पेनाने सुजेच्या कडेवर रेघ ओढून ठेवणे ही एक साधी पण फार उपयोगी युक्ती आहे. अर्ध्या तासाने सूज रेघेच्या पुढे गेली आहे का, हे शाळकरी मूलही सांगू शकेल.

कंपार्टमेंट सिंड्रोम : जिथे तास मोजावे लागतात

ही पाचवी पायरी नीट समजून घेऊ. आपल्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागातील स्नायू निरनिराळ्या कप्प्यांत बसवलेले असतात. प्रत्येक कप्प्याभोवती चिवट, न ताणले जाणारे आवरण असते. गच्च भरून शिवलेल्या पोत्यात आणखी धान्य कोंबता येत नाही, तसे या कप्प्यात जास्तीचे रक्त मावत नाही. तिथला दाब वाढत जातो. बारीक केशवाहिन्या चेपल्या जातात. स्नायूंना आणि मज्जातंतूंना प्राणवायू मिळेनासा होतो आणि ते मरू लागतात. साधारणपणे चार ते सहा तासांनंतर ही हानी भरून न येणारी ठरू लागते.

वेळ टळली तर स्नायूंच्या जागी आखडलेले तंतू उरतात, बोटे आत वळतात आणि पंजा पक्ष्याच्या नखीसारखा होतो. जर्मन शल्यविशारद फोल्कमान यांनी १८८१ साली या व्यंगाचे वर्णन केले, म्हणून ते त्यांच्या नावाने ओळखले जाते. मोडलेला हात हाडवैद्याकडून कामट्यांनी करकचून बांधून घेतल्यावर असे व्यंग आलेली माणसे आपल्याकडेही पाहायला मिळतात. कारण वेगळे, पण आतली प्रक्रिया तीच.

मनगटातून केलेल्या तपासणीनंतर हा प्रकार अत्यंत विरळा, हजारांत एकाहूनही कमी. तो बहुधा पहिल्या काही तासांत, म्हणजे रुग्ण रुग्णालयात असतानाच सुरू होतो. पण खाटेशी बसलेले नातेवाईकच तो आधी पाहतात. आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा रुग्णाला त्याच दिवशी घरी सोडले असेल, तर तो घरीही प्रकट होऊ शकतो. त्याच्या खुणा अशा :

१) दिसणाऱ्या सुजेच्या मानाने वेदना फारच जास्त असणे, आणि ती साध्या वेदनाशामक गोळीने न थांबणे.

२) कोपराखालचा भाग लाकडासारखा टणक व चकचकीत होणे.

३) दुसऱ्याने रुग्णाची बोटे हळूच सरळ केली असता हातात जीवघेणी कळ येणे.

४) बोटांत मुंग्या येणे, मग बधिरपणा, मग बोटे हलेनाशी होणे.

५) पंजा फिकट व गार पडणे.

यातील पहिल्या तीन खुणा लवकरच्या आणि शेवटच्या उशिराच्या होत. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. "नाडी लागते आहे, मग काही नाही" असे आपण म्हणतो. परंतु मोठ्या धमनीतील दाब कप्प्यातील दाबापेक्षा जास्त असल्याने आतले स्नायू गुदमरत असतानाही नाडी लागत राहते. नाडी लागते म्हणून थांबणे ही या आजारातील सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

उपाय एकच, तो म्हणजे आवरणाला लांब छेद देऊन दाब मोकळा करणे. या शस्त्रक्रियेला फॅशिओटॉमी म्हणतात. जखम मोठी दिसते, काही दिवस उघडी ठेवावी लागते, कधी त्वचारोपणही करावे लागते. ते पाहून नातेवाईक घाबरतात आणि सही करायला कचरतात. गावाहून मोठे भाऊ येईपर्यंत थांबा म्हणतात. पण येथे तास मोजायचे असतात. वेळेत घेतलेला छेद हात वाचवतो आणि जखम पुढे भरून येते. मेलेला स्नायू मात्र परत येत नाही.

धडधडणारी गाठ

काही वेळा धमनीवरचे छिद्र पूर्ण मिटत नाही. त्यातून बाहेर आलेल्या रक्ताची एक पिशवी धमनीला चिकटून तयार होते आणि प्रत्येक ठोक्याबरोबर तिच्यात रक्त आत-बाहेर खेळत राहते. याला स्यूडोअ‍ॅन्युरिझम, म्हणजे धमनीचा खोटा फुगा असे म्हणतात. खोटा अशासाठी की, याला धमनीची खरी भिंत नसते. 'रायव्हल' पाहणीत उपचार करून बंद करावा लागलेला असा फुगा मनगटाच्या ३५०७ रुग्णांपैकी सात जणांत आढळला. जांघेच्या ३५१४ रुग्णांत हीच संख्या तेवीस होती.

ही गाठ काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी दिसते. त्यामुळे तिचा संबंध अँजिओग्राफीशी आहे हे घरच्यांच्या लक्षात येत नाही. गळू समजून तिच्यावर पोटिस बांधणे, सुईने टोचणे किंवा ती फोडायला सांगणे अत्यंत धोक्याचे आहे. गाठीवर हलकेच बोट ठेवावे. ते ठोक्याठोक्याला उचलले जात असेल तर ती गळू नव्हे, असे धरून चालावे. डॉपलर सोनोग्राफी या साध्या तपासणीत निदान होते. लहान फुगा दाब देऊन मिटवता येतो. काहींत रक्त गोठवणारे थ्रॉम्बिन टोचतात आणि मोठा असेल तर शस्त्रक्रिया करतात.

धमनी-नीलेची आडवाट

याहूनही क्वचित, सुईचे छिद्र धमनीतून शेजारच्या नीलेत जाते आणि दोघींमध्ये आडवाट तयार होते. डायलिसिससाठी जो फिस्चुला डॉक्टर मुद्दाम करतात, तोच येथे नकळत झालेला असतो. मनगटावर हात ठेवला असता घुरघुरणाऱ्या मांजराच्या अंगावर हात ठेवल्यासारखी थरथर जाणवते. शिरा फुगलेल्या दिसतात. मनगटात मोठ्या नीला धमनीला अगदी खेटून नसल्यामुळे हे जांघेच्या मानाने फार कमी घडते. काही आडवाटा आपोआप मिटतात, तर काहींना शस्त्रक्रिया लागते. घाई नसते, पण दाखवणे आवश्यक असते.

याशिवाय दोन गोष्टींचा ओझरता उल्लेख करतो. काही विशिष्ट निसरड्या लेपाच्या नळ्यांमुळे दोन-तीन आठवड्यांनी मनगटावर लालसर गाठ आल्याचे आढळले होते. ती जंतुसंसर्गासारखी दिसते, पण तिच्यात जंतू नसतात. आणि तार छातीतील किंवा मानेकडील बारीक फाट्यात शिरल्याने तपासणीनंतर मानेला सूज, आवाज बसणे, श्वास अडकणे असे घडल्याची अगदी मोजकी उदाहरणे आहेत. अशी लक्षणे दिसताच क्षणाचाही विलंब करू नये.

अधिक जपावे कोणी?

स्त्रिया, वृद्ध, लहान चणीची किंवा कमी वजनाची माणसे, मूत्रपिंडाचे रुग्ण, ज्यांच्या मनगटातून यापूर्वी नळी गेली आहे ते, आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, यांनी अधिक सावध असावे. पूर्वी तपासणीआधी अ‍ॅलन यांच्या नावाची चाचणी सर्रास करीत. रुग्णाने मूठ आवळायची, डॉक्टरांनी दोन्ही धमन्या दाबायच्या, मूठ उघडून अल्नर सोडायची आणि तळहात किती सेकंदांत लाल होतो ते पाहायचे. आता अनुभवाने असे दिसून आले आहे की, ही चाचणी बिघडलेल्यांतही पंजाला इजा झाल्याचे सहसा आढळत नाही. त्यामुळे अनेक ठिकाणी केवळ तिच्यावरून मनगट नाकारत नाहीत.

तपासणीपूर्वी रुग्णाने पुढील गोष्टी आपण होऊन सांगाव्यात. चालू असलेली सर्व औषधे, मूत्रपिंडाचा आजार, हाताची जुनी मोड किंवा शस्त्रक्रिया, आधीची अँजिओग्राफी कोणत्या हातातून झाली, आणि आपले काम कोणते. शिंपी, सुतार, गवंडी, वाद्य वाजवणारा किंवा टंकलेखक असेल तर तसे सांगण्यात संकोच कसला? कीमेनी यांनीच २०१७ साली अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळगीतून, डाव्या हाताने प्रवेश करण्याचा आपला अनुभव प्रसिद्ध केला. उजवा हात मोकळा ठेवता येईल का, असे नम्रपणे विचारायला हरकत नाही. निर्णय अर्थातच डॉक्टरांचा.

घरी आल्यावर काय करावे, काय टाळावे?

१) पहिला दिवस हात उशीवर थोडा उंच ठेवावा. बोटे अधूनमधून हलवावीत, पण मनगट वाकवू नये.

२) डॉक्टरांनी सांगितले असतील तितके दिवस भरलेली बादली, पाण्याची कळशी, सिलिंडर उचलू नये. कपडे पिळू नयेत, दळण उचलू नये, दुचाकी चालवू नये.

३) मनगट पाण्यात बुडवून ठेवू नये. पट्टी कोरडी ठेवावी.

४) सुजेवर तेल चोळणे, शेक देणे, लेप लावणे, दोरी किंवा फडके करकचून बांधणे पूर्णपणे टाळावे.

५) छिद्रातून रक्त आले तर रुग्णाला बसवावे, हात उंच धरावा आणि त्या जागेवर बोटांनी न सोडता दहा मिनिटे दाब द्यावा. सारखे उचलून पाहू नये. न थांबल्यास दाब तसाच ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

६) अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांसारख्या गोळ्या हात काळानिळा पडला म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. स्टेंट बसवलेला असेल तर या गोळ्या थांबवल्याने तो गुठळीने बंद होऊन जीव जाऊ शकतो. गोळी थांबवायची की नाही हे डॉक्टरच ठरवतील.

७) त्वचेवर निळसर-पिवळा डाग पडणे, जागा थोडी हुळहुळणे हे स्वाभाविक आहे. तो डाग मऊ असतो आणि दिवसागणिक रंग बदलत फिका होतो. याउलट वाढती सूज, टणकपणा, बधिरपणा, गार पंजा, असह्य वेदना यांपैकी एकही खूण दिसली तर सकाळची वाट पाहू नये. जिथे तपासणी झाली तिथे किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात त्याच घटकेला जावे आणि "मनगटातून अँजिओग्राफी झाली आहे" हे पहिल्या वाक्यात सांगावे.

८) काही आठवड्यांनी फेरतपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना मनगटाची नाडी पाहण्याची विनंती करावी.

शेवटी एक विनंती

रुग्णालयातून मिळणारे डिस्चार्ज कार्ड बहुधा इंग्रजीत असते. घरी आणल्यावर ते पिशवीत जाते आणि पिशवी खुंटीवर. आपल्या समाजात आता घरोघरी शिकलेली मुले-मुली आहेत. त्यांनी ते कार्ड आजी-आजोबांना, काका-मावशींना समोर बसवून मराठीतून वाचून दाखवावे. कोणता हात, कोणती गोळी किती दिवस, कोणत्या खुणा दिसल्या तर कुठे जायचे, हे मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावावे. सभासदांनी या लेखातील खुणांची यादी आपापल्या वस्तीत वाचून दाखवली, तरी पुष्कळ काम होईल.

मनगटाची वाट ही गेल्या काही दशकांत हृदयरुग्णांना लाभलेली मोठी देणगी आहे. तिच्यामुळे असंख्य माणसे रक्तस्रावापासून वाचली आणि लवकर आपल्या पायांवर उभी राहिली. त्या वाटेवरचे धोके थोडे आहेत. जे आहेत तेही बहुतेक वेळीच ओळखले तर आटोक्यात येणारे आहेत. डॉक्टर हृदयाची काळजी घेतील. पण रात्री दोन वाजता रुग्णाचा हात आपल्या हातात घेऊन तो गरम आहे की गार, मऊ आहे की टणक, हे पाहणारे आपणच असतो. तेवढे पाहणे आणि पाहिल्यावर उशीर न करणे, एवढीच आमची कळकळीची विनंती आहे.